मोटारीची नाडीपरीक्षा

ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं सायकल हीच चैनीची वस्तु समजली जात होती, त्याच घराच्या दारांत आज मोटार उभी असते आणि तिच्याविषयीं कोणास फारसें नवल वाटत नाहीं. नवल वाटत नाहीं म्हणूनच तिच्याकडे लक्षहि राहत नाहीं. किल्ली फिरवावी, एंजिन चालू व्हावें आणि आपण इष्ट स्थळीं पोंचावें, इतक्यावर आपला व तिचा संबंध संपतो. एंजिनाच्या पोटांत त्या वेळीं काय चाललें आहे, वंगणाचा दाब किती आहे, पाणी किती तापलें आहे, बॅटरी भरत आहे कीं रिकामी होत आहे, या विचारपुशीचें काम आपण समोरच्या डॅशबोर्डवरील चार-दोन तांबड्या दिव्यांवर सोंपवून मोकळे होतों. दिवा लागला नाहीं म्हणजे सर्व क्षेम आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडूं शकते, आणि ती महाग पडूं नये म्हणून बाजारांत मिळणारीं जादा मापकें (गॅरेजमध्यें त्यांना सर्वत्र ‘गेज’ असेंच म्हणतात) कोणतीं निवडावींत, कशीं बसवावींत व मुख्य म्हणजे कशीं वाचावींत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मापक बसविल्यानें गाडीची शक्ति वाढत नाहीं कीं पेट्रोल कमी जळत नाहीं. शर्यतीच्या गाड्यांचीं चित्रें पाहून एखादा तरुण आपल्या गाडींत सात-सात तबकड्या बसवितो आणि रात्रीं त्यांच्या निळ्या-तांबड्या उजेडानें गाडीस लग्नमंडपाची शोभा आणतो. परंतु त्या सातांपैकीं एकीचाहि अर्थ त्याला सांगतां येत नसेल, तर ती केवळ रोषणाई होय. निष्णात वैद्य घरांतील माणसांच्या निरोगी नाड्या ओळखून असतो, म्हणूनच बिघडलेली नाडी त्याच्या बोटांना तत्काळ कळते. मोटारीच्या मापकांचें रहस्य एवढेंच आहे. आपल्या गाडीचा नेहमींचा आंकडा ज्याला पाठ आहे, त्याच्याशींच तबकडी बोलते. इतरांच्या दृष्टीनें ती मुकी असते.

दिवा आणि कांटा

मोटारीच्या बाल्यावस्थेंत चालकास एंजिनाची प्रकृति डोळ्यांनीं, कानांनीं व नाकानेंच ओळखावी लागे. १९१० च्या दशकांत अमेरिकेंत ‘बॉइस मोटोमीटर’ नांवाचा एक उष्णतामापक निघाला. तो रेडिएटरच्या झांकणावरच बसविलेला असे आणि त्यांतील तांबडी रेषा चढतांना चालकास आपल्या आसनावरून, समोरच्या कांचेंतून दिसत असे. पुढें हीं मापकें गाडीच्या आंत डॅशबोर्डवर आलीं. परंतु १९३० च्या दशकांत तेथील हडसन कंपनीनें तेलाच्या व विजेच्या मापकांऐवजीं साधे दिवे बसविण्याचा प्रघात पाडला आणि हळूहळू इतर कारखानदारांनींहि तो उचलला. दिवा स्वस्त पडतो, आणि तो वाचण्यास शिकावें लागत नाहीं. तिकडील चोखंदळ चालकांनीं मात्र त्यास ‘मूर्खांचा दिवा’ असें नांव ठेविलें.

हें नांव सर्वस्वीं न्याय्य नाहीं. दिव्याच्या अंगीं एक मोठा गुण आहे. तो हांक मारतो. कांटा हांक मारीत नाहीं. रस्त्यावर नजर खिळलेल्या चालकास कांट्याचें उतरणें दिसणार नाहीं, पण तांबडा उजेड डोळ्यांच्या कोपऱ्यांतूनहि जाणवेल. म्हणून जादा मापक बसवितांना मूळचा दिवा कधींहि काढून टाकूं नये. दोघांचीं कामें भिन्न आहेत.

दिव्याचा दोष असा कीं, तो फार उशिरां बोलतो. तेलाचा दिवा ज्या स्विचनें लागतो, तो स्विच बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब दर चौरस इंचास सुमारें ५ ते ७ पौंडांपर्यंत उतरल्यावरच काम करतो. उलट, एंजिन तापलेलें असतां त्याच्या दर मिनिटाच्या प्रत्येक हजार फेऱ्यांमागें निदान १० पौंड दाब असावा, म्हणजे ३,००० फेऱ्यांस सुमारें ३० पौंड, असा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे. आतां समजा, एखाद्या जुन्या गाडीचीं बेअरिंगें झिजत गेलीं आणि हा दाब ४५ वरून ३० वर, ३० वरून १५ वर असा दोन वर्षांत उतरत आला. तर या सबंध काळांत दिवा एकदांहि लागणार नाहीं. तो लागेल तेव्हां कदाचित् घाटाच्या मध्यावर, मुलाबाळांनीं भरलेल्या गाडींत लागेल. आणि त्या क्षणीं बेअरिंग व क्रँकशाफ्ट यांच्यामधील तेलाचा पातळ पापुद्रा तुटून धातूवर धातु घासूं लागलेली असेल. त्यानंतर एंजिन वांचविण्यास मिळणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच.

मग कारखान्यानें दिलेल्या कांट्यावर तरी पूर्ण भरंवसा ठेवावा काय? येथेंहि थोडें सावध असलें पाहिजे. खरा उष्णतामापक चढावर वर जातो, उतारावर खालीं येतो. आणि त्याची ही हालचाल पाहून अनभिज्ञ गिऱ्हाइकें घाबरून तक्रारी घेऊन येतात. यावर उपाय म्हणून अनेक आधुनिक गाड्यांत कांटा मुद्दाम असा बांधलेला असतो कीं, पाणी बऱ्याच मोठ्या मर्यादेंत कमी-अधिक तापलें, तरी तो मध्यावरच स्थिर राहावा. तेलाच्या कांट्याचीहि कोठें कोठें हीच गत झाली आहे. जपानी बनावटीच्या मझ्दा मिआटा या नामांकित छोट्या गाडींत आरंभीं तेलाचा दाब खरोखर मोजला जात असे. १९९५ पासून मात्र त्या कांट्यामागें साधा स्विच आला. थोडासा दाब असला कीं कांटा मध्याजवळ जाऊन बसतो. म्हणजे कांट्याच्या वेषांत तो दिवाच!

तीन मुख्य मापकें

ज्यास एकच मापक बसवावयाचें आहे, त्यानें कोणतें बसवावें? गाडी जुनी असेल तर आम्ही निःसंशय तेलाच्या दाबाचें मापक सांगूं. नवी असेल, किंवा घाटांतून वरचेवर जावें लागत असेल, तर पाण्याच्या उष्णतेचें. तिसरें मापक विजेचें. हीं तीन ज्याच्या गाडींत आहेत, त्याची बहुतेक संसारी गरज भागली असें समजावें.

तेलाचा दाब थंड एंजिनांत जास्त व तापलेल्या एंजिनांत कमी असतो, कारण तापलेलें तेल पातळ होतें. पहाटे गाडी चालू करतांच कांटा ५० वर गेला आणि तासाभरानें चौकांत उभें राहतांना १५ वर आला, तर त्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. भिण्याजोगें तें हें कीं, त्याच चौकांत, त्याच उष्णतेस, गेल्या वर्षीं जो कांटा १५ वर असे तो या वर्षीं ८ वर आहे. दिवा अद्याप लागलेला नाहीं. पण झीज किंवा तेलाचा पातळपणा कांट्यानें सांगून टाकला आहे. तसेंच, तीव्र वळणावर कांटा क्षणभर खालीं झुकून पुन्हा वर आला, तर एंजिनाच्या तळांतील तेल कमी झालें असून पंप मधूनच हवा ओढीत असल्याचा संभव आहे. अशा वेळीं पहिल्या सुरक्षित जागीं थांबून, एंजिन बंद करून, तेलाची पट्टी पाहावी.

पाण्याच्या बाबतींत थोडें पदार्थविज्ञान ध्यानांत ठेवणें इष्ट आहे. बहुतेक एंजिनांतील थर्मोस्टॅट ८० ते ९० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान उघडूं लागतो आणि सपाट रस्त्यावर पाणी साधारणतः ८५ ते ९५ अंशांत राहतें. रेडिएटरचें झांकण दर चौरस इंचास १५ पौंड दाब धरणारें असेल, तर साधें पाणीहि सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. त्यांत योग्य प्रमाणांत कूलंट मिसळलेला असेल, तर आणखीहि कांहीं अंश पुढें. म्हणून १०० चा आंकडा पाहतांच घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु नेहमीं ९० वर राहणारा कांटा वैशाखांत खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर १०५ वर गेला, तर वातानुकूलन बंद करावें, गाडी हलकी हांकावी, आणि तरीहि तो चढत राहिल्यास, ११० च्या आंतच थांबावें.

या मापकाची एक लबाडी मात्र प्रत्येकानें पाठ करून ठेवावी. त्याचें टोंक पाण्यांत बुडलेलें असेल तोंवरच तें खरें बोलतें. नळी फुटून पाणी सगळें वाहून गेलें, तर तें टोंक कोरडें पडतें आणि एंजिन भाजत असतांना कांटा उलट खालीं येतो! चढावर वर गेलेला कांटा एकाएकीं कोसळला, तर हायसें न वाटूं देतां तत्काळ थांबून एंजिन बंद करावें. आणि तें थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झांकणास हात लावूं नये. दाबाखालीं कोंडलेलें तें पाणी झांकण सैल होतांच वाफेच्या रूपानें तोंडावर येतें.

विजेसाठीं पूर्वीच्या गाड्यांत अमीटर असे. त्यांतून बॅटरीचा बहुतेक सर्व प्रवाह जात असल्यामुळें जाड तारा डॅशबोर्डपर्यंत आणाव्या लागत, आणि तेथील एखादा सैल जोड आग लागण्यास पुरे होई. नवें मापक बसवावयाचें तर व्होल्टमीटरच घ्यावा. स्वस्थ उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असतां आंकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. रात्रीं सर्व दिवे लावून चालतांना तो १३ च्या खालीं राहूं लागला, तर पट्टा सैल आहे किंवा आल्टर्नेटर थकला आहे. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळत आहे. मात्र कांहीं नव्या गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं संगणकच हा आंकडा मुद्दाम खालींवर करतो. तेथें आधीं आठवडाभर नुसतें निरीक्षण करावें.

हौसेचीं, तरीहि उपयुक्त

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाडीस व्हॅक्यूम-मापकासारखा स्वस्त व बहुश्रुत सोबती दुसरा नाहीं. एंजिन हवा आंत ओढतें तेव्हां कारब्युरेटरच्या खालील नळांत जी पोकळी निर्माण होते, ती तें पाऱ्याच्या इंचांत मोजतें. निरोगी एंजिन जागेवर चालत असतां कांटा समुद्रसपाटीजवळ १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहतो. तो ठराविक अंतरानें झटके देऊं लागला, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं. सदाच खालीं व स्थिर असेल, तर प्रज्वलनाची वेळ चुकली आहे किंवा कोठें हवा गळत आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांस हा आंकडा सुमारें एक इंच कमी होतो. म्हणून मुंबईस १९ दाखविणारा कांटा साडेचार हजार फूट उंचीच्या महाबळेश्वरीं साडेचौदावर आलेला पाहून कोणी मिस्त्रीस बोलावणें धाडूं नये. बदललेली आहे ती हवा! हाच कांटा मितव्ययहि शिकवितो. पायाखालील दट्ट्या जितका दाबावा तितका तो शून्याकडे झुकतो, आणि तो वर राखून हांकण्याची संवय ज्यास लागली, त्याचें पेट्रोल आपोआप वांचतें. हें मापक जोडतांना ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी मात्र कापूं नये. तेथें गळती झाली तर ब्रेकचें बळ घटेल.

टर्बो असलेल्या डीझेल गाडीस हवेच्या दाबाचें बूस्ट-मापक व धुराच्या उष्णतेचें पायरोमीटर हीं दोन उपकारक ठरतात. विशेषतः ओझें ओढीत लांब चढ चढणाऱ्या गाडींत पिस्टन वितळण्याचा धोका पाण्याच्या कांट्यावर दिसत नाहीं. तो धुराच्या उष्णतेंत आधीं दिसतो. जुन्या डीझेल एंजिनांच्या बाबतींत टर्बोच्या अलीकडे मोजलेली ही उष्णता ७०० अंशांच्या आसपास पोंचली कीं पाय सैल करावा, असा ठोकताळा आहे. टर्बोच्या पलीकडे मोजल्यास तोच धूर बराच थंड झालेला असतो, हें विसरूं नये.

हवा व पेट्रोल यांचें प्रमाण दाखविणारें मापक हें ज्यानें एंजिनांत फेरफार केले आहेत त्याच्याच कामाचें. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, म्हणून परदेशी तबकड्यांवर हाच आंकडा आदर्श म्हणून छापलेला असतो. आपल्याकडे विकलें जाणारें पेट्रोल आतां २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें व त्याचें खरें प्रमाण साडेतेराच्या आसपास येतें. अशा स्थितींत आंकड्यांऐवजीं ‘लॅम्डा’ दाखविणारी तबकडी घ्यावी. इंधन कोणतेंहि असो, तिचा आदर्श आंकडा १ हाच राहतो.

तबकडीच्या पाठीमागें

मापकांचे मुख्य प्रकार दोन: यांत्रिक व विजेचें. यांत्रिक दाबमापकाचें हृदय म्हणजे पॅरिस येथील युजेन बूर्दों यानें १८४९ सालीं पेटंट घेतलेली वांकडी नळी. जत्रेंत फुंकल्याबरोबर उलगडणारी कागदी पिपाणी मिळते, तिचें तत्त्व बरेंचसें हेंच. चपटी, अर्धवर्तुळांत वांकविलेली धातूची नळी आंतून दाब पडतांच किंचित् सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोंकास जोडलेला कांटा फिरतो. तिला वीज लागत नाहीं व ती सहसा खोटें बोलत नाहीं. परंतु तिच्यासाठीं एंजिनांतील उकळतें तेल बारीक नळीनें चालकाच्या गुडघ्यांपर्यंत आणावें लागतें. ही नळी तांब्याची असेल तर एंजिनाच्या थरथरीनें ती कडक होऊन तुटते, म्हणून तिला मध्यें एक-दोन वेढे द्यावे लागतात. कुटुंबाच्या गाडींत आम्ही विजेचेंच मापक पसंत करूं. त्यांत तेल बाहेर एंजिनापाशींच राहतें आणि आंत येते ती केवळ तार.

विजेच्या मापकाचे दोन भाग असतात. एंजिनावर बसणारा ‘सेंडर’ आणि समोरची तबकडी. दाब किंवा उष्णता बदलली कीं सेंडरचा विद्युत्-रोध बदलतो व त्या मानानें कांटा हलतो. म्हणून दोघांची जोडी पत्रिका पाहूनच जमविली पाहिजे! कित्येक जर्मन दाबमापकांचा सेंडर १० ते १८० ओहम या मर्यादेंत काम करतो. इतरांच्या मर्यादा निराळ्या. एका बनावटीचा सेंडर व दुसऱ्या बनावटीची तबकडी अशी स्वस्ताई केली, तर कांटा हलेल, पण त्याच्या बोलण्यास अर्थ राहणार नाहीं. दुकानांतून दोन्ही भाग एकाच पेटींत, एकाच नांवाचे घ्यावेत.

दुसरी फसवणूक आट्यांची. इंग्लिश वंशाच्या गाड्यांत, उदाहरणार्थ, मॉरिस ऑक्सफर्डपासून निघालेल्या व २०१४ सालीं बंद झालेल्या आपल्या अँबॅसडरच्या मूळ एंजिनांत, आटे इंग्लिश मापाचे असतात, आणि अमेरिकन मापकांचे सेंडर अमेरिकन आट्यांचे. एक अष्टमांश इंचाच्या इंग्लिश नळाच्या आट्यांत इंचास २८ दांते, तर अमेरिकन आट्यांत २७. पहिले दोन-तीन फेरे एकांत दुसरें सहज बसतें, आणि तेथेंच मिस्त्री जोर लावतो. परिणामीं एंजिनाच्या ब्लॉकमधील आटे कायमचे बिघडतात. शंभर रुपयांचा अडॅप्टर वांचवून हजारोंचा खर्च ओढवून घेण्याचा हा राजमार्ग आहे.

बसविण्याची रीति

तबकड्यांचा सर्वमान्य व्यास ५२ मिलिमीटर आहे. त्या कोठें बसवाव्यात? जेथें रस्त्यावरून नजर फारशी न काढतां त्या दिसतील, पण ज्या जागेंतून एअरबॅग फुगून बाहेर येते त्या जागीं कदापि नव्हे. कांचेच्या बाजूच्या खांबावर तबकड्या बसविण्याची फॅशन आहे. ज्या गाडीच्या त्या खांबांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तेथें ही फॅशन प्राणघातक ठरेल. शर्यतीच्या चालकांची एक युक्ति मात्र अवश्य घेण्यासारखी आहे. ते तबकड्या अशा फिरवून बसवितात कीं, सर्व कांहीं नेहमींप्रमाणें असतां प्रत्येकीचा कांटा सरळ वर, बाराच्या दिशेस उभा राहावा. मग आंकडे वाचावे लागत नाहींत. एक कांटा ओळींतून फुटलेला दिसला कीं पुरे.

कामास आरंभ करतांना प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. तबकडीस वीज किल्ली फिरविल्यावरच मिळेल अशा तारेवरून, स्वतंत्र लहान फ्यूज घालून द्यावी. अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूस जोडावी. कांटा उगाच थरथरत असेल, तर प्रथम संशय याच जोडावर घ्यावा. एंजिनाच्या बाजूनें आंत येणारी तार पत्र्याच्या भोंकांतून नुसती ओढूं नये. तेथें रबरी चकती घालावी, नाहींतर वर्षभरांत पत्र्याची कड तारेचें आवरण कापून टाकील.

तेलाचा सेंडर लावतांना मूळच्या दिव्याचा स्विच काढून तेथें ‘टी’ जोडतात व त्यांत स्विच आणि सेंडर दोन्ही बसवितात. जड सेंडर पितळेच्या टीवर लोंबकळत ठेवल्यास थरथरीनें टी तुटते आणि सारें तेल रस्त्यावर सांडतें. यासाठीं मध्यें लवचिक जाळीदार नळी घालून सेंडर गाडीच्या अंगास पक्का बांधावा. अशा वेळीं त्याच्या अर्थिंगची तार निराळी ओढावी लागते. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी बेतानें गुंडाळावी. पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे तिचे तुकडे तेलाच्या वाटेंत जाणार नाहींत. सेंडरला त्याच्या आट्यांवाटेंच अर्थिंग मिळत असेल, तर जाड पट्टीनें तें तुटून आंकडा चुकतो. पाण्याचा सेंडर थर्मोस्टॅटच्या अलीकडे, एंजिनाच्या बाजूस, वाहत्या पाण्यांत असावा. पलीकडे असेल, तर थर्मोस्टॅट बंद असतांना त्यास एंजिनाची वार्ता कळणार नाहीं.

बसविण्यापूर्वीं या सेंडरची परीक्षा घरींच घेतां येते. स्वयंपाकघरांतून निवृत्त झालेलें एखादें पातेलें घेऊन त्यांत पाणी उकळावें, तबकडीस बॅटरी जोडून व सेंडरच्या अंगास अर्थिंग देऊन त्याचें टोंक पाण्यांत धरावें आणि कांटा पाहावा. मुंबईस तो १०० अंशांवर यावा. पुण्यास पाणी सुमारें ९८ अंशांवर व महाबळेश्वरीं ९५ अंशांच्या आसपास उकळतें, तेवढा फरक धरावा. मुलांना भौतिकशास्त्राचा एक धडाहि यांत अनायासें मिळतो.

वहींतील चार ओळी

अलीकडे निघालेल्या गाड्यांत भोकें पाडण्याची आवश्यकताहि बऱ्याच वेळां नसते. अमेरिकेंत १९९६ पासून सक्तीची झालेली सोळा टोंकांची खोबण आतां आपल्याकडील नव्या मोटारींतहि डॅशबोर्डखालीं असते. तिच्यांत एक लहान यंत्र खोंचलें कीं पाण्याची उष्णता, बॅटरीचा दाब, हवेचा दाब असे अनेक आंकडे भ्रमणध्वनीवर दिसतात. वॉरंटीखालील गाडीच्या तारा कापण्यापेक्षां हा मार्ग शहाणपणाचा. मात्र संगणकास जें ठाऊक आहे तेंच तें यंत्र सांगूं शकतें, आणि तेलाचा खरा दाब पुष्कळ गाड्यांच्या संगणकास ठाऊकच नसतो. शिवाय गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर तें काढून ठेवावें. बॅटरीचा थेंब थेंब तें पीत असतें.

परंतु मापक जुनें असो कीं नवें, त्याचें मोल ठरतें तें पुढील संवयीनें. गाडीच्या खणांत एक छोटी वही ठेवावी. मापक बसविल्यापासून पहिला महिनाभर तींत चारच ओळी लिहाव्या: सकाळीं थंड एंजिनाचा तेलाचा दाब, तापल्यावर जागेवर उभें असतांचा दाब, सपाट रस्त्यावर ठराविक वेगानें जातांना पाण्याची उष्णता, आणि रात्रीं दिवे लावून चालतांना बॅटरीचे व्होल्ट. पुढें उन्हाळ्यांत एकदां, पावसाळ्यांत एकदां, हिवाळ्यांत एकदां व प्रत्येक वेळीं तेल बदलल्यावर याच चार ओळी पुन्हा लिहाव्यात. वर्षभरांत ही वही कोणत्याहि छापील पुस्तिकेपेक्षां आपल्या गाडीविषयीं अधिक खरें सांगूं लागेल. कारखान्याची पुस्तिका सर्व गाड्यांविषयीं बोलते. ही वही केवळ आपल्या एका गाडीविषयीं.

आणखी एक गोष्ट. घरांत गाडी चालविणारीं माणसें एकापेक्षां अधिक असतात. कांट्यांचा अर्थ केवळ घरच्या कर्त्यासच ठाऊक असला आणि गाडी घेऊन मुलगी, सून किंवा धाकटे बंधु घाटांत गेले, तर तें सारें ज्ञान घरींच राहिलें असें होईल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक कांट्याची नेहमींची जागा आणि तो तेथून ढळल्यास काय करावें, हें दोन-दोन ओळींत लिहून ठेवावें व घरांतील प्रत्येक चालकास एकदां गाडींत बसवून समजावून द्यावें. एंजिन दुरुस्त करतां येतें, क्वचित् बदलतांहि येतें. परंतु अपरात्रीं, अनोळखी घाटांत, बंद पडलेल्या गाडींत लहान मुलांसह अडकून पडण्याचा प्रसंग दुरुस्त करतां येत नाहीं. तो आधींच टाळावा लागतो. आणि टाळण्यास लागणारें सामान म्हणजे दोन-तीन प्रामाणिक तबकड्या, चार ओळींची वही व तिच्याकडे अधूनमधून जाणारी एक नजर, याहून फारसें अधिक नाहीं.